कुणा ठकूचं घंगाळ

पुण्याहून नाशिकची एस.टी. सुटली तेव्हाही आपण नेमकं काय बघायला चाललो आहोत, हे मला कळलं नव्हतं. सासूबाईंना मात्र सगळं स्पष्ट होतं. त्यांचं माहेर मखमलाबादचं, फुलांच्या मळ्यातलं. तिथल्या भाच्याने फोनवर सांगितलं होतं की सातपूरला भांड्यांच्या एका बंद कारखान्यात कुणा चित्रकाराने जुनी पितळी भांडी मांडली आहेत, सगळी मोडीतून (भंगारात दिलेल्या भांड्यांतून) जमवलेली. सासूबाईंच्या आईचं घंगाळ (आंघोळीच्या पाण्याचं मोठं भांडं) वहिनीने स्टीलच्या हौसेपायी असंच मोडीत घातलं होतं. आईची म्हणून तेवढी एकच वस्तू.

"दिसलं तर नुसता हात लावून येऊ," एवढंच त्यांचं मागणं. नाही म्हणायला तोंड नव्हतं.

सिन्नर मागे पडलं आणि त्यांची भाषा पालटली. पुण्यात सदा 'खूप' म्हणणारी बाई 'लय' म्हणू लागली. सी.बी.एस.ला उतरल्यावर मिसळ खाल्ल्याशिवाय पुढे पाऊल टाकायला तयार होईनात. रस्सा असा तिखट की माझ्या डोळ्यांतून धारा, आणि त्या आरामात दुसरी वाटी मागतायत.

रिक्षावाल्याने पत्ता ऐकून मागे वळून पाहिलं. "तिथं नुसती भांडी टांगलीत, ताई. विकत पण नाय देत, घासत पण नाय. कशापायी, ते मला नका विचारू."

त्याचं खरं होतं. उंच पत्र्याच्या शेडमध्ये जुनी प्रेस मशिनं तशीच उभी, तेलाचा वास अजून तसाच, आणि लोखंडी तुळयांवरून हंडे, कळश्या, तांबे उपडे लोंबकळत होते. सगळे काळे पडलेले. एका बादलीत वरून थेंब थेंब पाणी पडत होतं. हीच कला असणार असं समजून मी बराच वेळ गंभीर चेहऱ्याने उभी राहिले. मग चित्रकार आले, बादली उचलली, बाहेर ओतली आणि म्हणाले, "टाकी गळतेय." मी घाईघाईने दुसरीकडे बघू लागले.

"एवढं पितळ, आन् चिंचेचा हात नाय लावला कुणी?" सासूबाईंनी विचारलं.

"घासलं की नावं झिजतात, मावशी. मी नावांसाठीच जमवतो."

भांड्यावर नाव घातल्याशिवाय आपल्याकडे चैन कुठे पडतं? चित्रकारांनी त्या ठिपक्यांच्या अक्षरांवरूनच सगळं लावलं होतं. आडनाव नाही, गाव नाही. एका नावाच्या साऱ्या बायका एका रांगेत. असं का, हे त्यांनी मला समजावलं. मी मान डोलावली, पण खरं सांगते, ओ की ठो कळलं नाही.

सासूबाई थेट रमांच्या रांगेत गेल्या. त्यांची आई रमा. जमिनीवर मांडलेलं एकेक घंगाळ त्यांनी हाताने चाचपलं. एकही त्यांचं नव्हतं. त्यांचा चेहरा इतका उतरला की मलाच वाईट वाटलं.

परत फिरताना, भलत्याच रांगेपाशी त्या थबकल्या. समोरच्या घंगाळाची एक कडी पितळेची, दुसरी लोखंडी.

"ही कडी आमच्या दादांनी बसवली," त्या पुटपुटल्या. दादा म्हणजे त्यांचे वडील. मी वाकून वाचलं: 'चि. ठकू हिस वडिलांकडून.'

"मग नाय आमचं," त्या लगेच म्हणाल्या. "ठकू कुणीच नव्हती आमच्यात."

"आईंचं माहेरचं नाव काय होतं?" चित्रकारांनी विचारलं.

"रमाच की." मग त्या थांबल्या. रुखवताची भांडी बाप लग्नाआधी घेतो. नवं नाव सासरचे लग्नात ठेवतात. रमा हे सासरचं नाव. "त्याच्या आधीचं... मला ठाऊक नाय."

मी म्हटलं, कुणाला तरी विचारू. पण दादा गेले, मामा गेले, मावश्या गेल्या. आईचं नाव सांगणारं कुणी उरलंच नव्हतं. त्या घंगाळावर हात ठेवून उभ्या राहिल्या आणि हे आपलं की परक्याचं, ते त्यांना ठरवता येईना. मलाही येईना.

"घेऊन जा, मावशी," चित्रकार म्हणाले.

"नको. कुणा ठकूची खरी लेक शोधत आली तर?"

मग फार काही झालं नाही. परतीच्या गाडीत त्या खिडकीकडे तोंड करून बसल्या. आपण काय पाहून आलो, ते मी मनाशी जुळवत होते आणि काही जुळत नव्हतं.

बऱ्याच वेळाने त्यांनी विचारलं, "तुझं काय होतं गं? मीच तर बदललं."

"शैला."

त्या "बरं" म्हणाल्या आणि पुन्हा खिडकीकडे वळल्या.

संगमनेरला गाडी चहासाठी थांबली. "शैला, चल, उतर," असं कुणीतरी म्हटलं. मी बसूनच राहिले. कुणाला हाक मारतायत, तेच मला कळेना.