आधी पोचेल त्याचं टोचन

ती घटना आजही आठवते, असं लिहायची आम्हा निवृत्त पोलिसांत पद्धत आहे. खरं सांगायचं तर मी ती विसरूनही गेलो असतो. पण नगरहून शनिशिंगणापूरला निघालं की तो घाट मध्ये येतोच, आणि त्या वळणावर माझा हात गिअरवर जाऊन थबकतो. शेजारून आमची सौ. म्हणते, "आता तरी दुसरा टाका. पंचनामा नंतर करा."

तिला तो अधिकार आहे. लग्नानंतर आम्ही प्रथमच शनीच्या दर्शनाला निघालो, तेव्हा मी ऐटीत स्कूटर तिसऱ्या गिअरमध्ये घाटात घातली. गाडी मध्येच मेली. बायको उतरून चालत वर गेली आणि कठड्यावर बसून माझी वाट बघत राहिली. आमच्याकडे येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला चहाआधी ही हकिकत मिळते.

तर ती घटना घडली तेव्हा घाट ज्या ठाण्याच्या हद्दीत होता, त्याचा मी प्रभारी होतो. शनी अमावास्येची सकाळ होती. कांद्याने भरलेला एक ट्रक चढावर बंद पडला आणि मागे भाविकांच्या गाड्यांची रांग लागली. ठाण्यातून टोचनवाल्यांना फोन गेले. टोचन म्हणजे बंद गाडी लोखंडी दांड्याने मागे जोडून ओढून नेणं. आधी पोचलेली टोचनगाडी ट्रक जोडून चढाला लागली. वळणावर तिचं इंजिन धापा टाकून बंद पडलं. ब्रेक दाबला तरी मागची चाकं खडीवरून घसरली आणि दोन्ही गाड्या उलट्या खाली आल्या. दांडा तुटला. टोचनगाडी डोंगराच्या बाजूला अडकली, कांद्याचा ट्रक मात्र कठडा फोडून दरीत गेला. ओढल्या जाणाऱ्या गाडीतही स्टिअरिंगवर माणूस लागतो. तो ट्रकचा ड्रायव्हर होता. बंद इंजिनाला हवेचा ब्रेक नसतो. बिचाऱ्याच्या हातात नुसतं चाक होतं. तो जागीच गेला.

टोचनगाडीचा ड्रायव्हर पळाला नाही. रस्त्याकडेच्या दगडावर बसून होता. लोकांनी त्याला दोन-चार तडाखे दिले होते, ते त्याने मुकाट खाल्ले. हयगयीने मृत्यूला कारणीभूत ठरल्याचा गुन्हा नोंदवून आम्ही त्याला अटक केली. टोचनगाडीचा मालक ठाण्यात येऊन हळूच म्हणाला, "साहेब, घेत आसंल थोडी." वैद्यकीय तपासणीत दारू निघाली नाही. मग मालक म्हणाला, "तर मंग गेर चुकवला त्यानं."

चौकशीतला माझा अनुभव असा, की खोटं बोलणारा माणूस फार तपशील देतो. हा एकच वाक्य बोलत होता.

"वढलीच न्हाई, साहेब."

"गिअर कुठला होता?"

"पहिला."

"त्याच्याखाली?"

"त्याच्याखाली गेर न्हाई साहेब, जमीन हाय."

माझा हवालदार हसला. मला हसू आलं नाही, कारण खिडकीतून त्याची बायको दिसत होती. ती पाथर्डीकडची. फडक्यात भाकरी बांधून आणायची आणि लिंबाखाली बसून राहायची. मला पाहून उभी राहिली. "त्यांचं लायसन घेऊ नका, साहेब. त्या लायसनवर यंदा आमी गावात राहिलो. न्हाईतर दर साली कोयता घिऊन उसाला जावं लागतंय."

लायसन ठेवणं माझ्या हातात नव्हतं. तिला ते सांगण्याचा धीर झाला नाही. मी "बघू" म्हणालो. पोलिसाचं "बघू" म्हणजे काय, हे तिलाही ठाऊक असावं.

मोटार वाहन निरीक्षकाचा अहवाल आला: इंजिन ठीक, गिअरबॉक्स ठीक, ब्रेक ठीक, यांत्रिक दोष नाही. म्हणजे उरला ड्रायव्हर. मी दोषारोपपत्राच्या तयारीला लागलो, आणि ठाण्याचा फोन वाजला.

"साहेब, नाव इचारू नका. मी घाटाच्या पायथ्याला धंदा करतो. त्यो दुसरा टोचनवाला तिकडं सोनईच्या अंगानं येतो. तरीबी माझ्या आधी कसा पोचतो, येवढंच इचारा त्याला."

पायथ्याला टोचनचा धंदा करणारा एकच माणूस होता, त्यामुळे नाव विचारायची गरज पडली नाही. खबऱ्या न्यायासाठी खबर देतो, असा समज असेल तर तो काढून टाका. त्याच्या पोटात दुखतं म्हणून तो देतो. पण पोटदुखीची खबर बहुधा पक्की असते.

मी निरीक्षकाकडे गेलो. त्यांनी चहा मागवला आणि समजावलं, "गाडीच्या मागच्या अ‍ॅक्सलमध्ये क्राऊन आणि पिनियन अशी दोन दातेरी चाकं असतात. दातांच्या फरकावर ठरतं, गाडी पळेल की ओढेल. दोन्ही एकदम होत नाही. हिला पळणारा क्राऊन बसवलाय. मागचे टायरही रिमोल्ड, जुन्यावर नवं रबर चढवलेले, सरळ रेघांच्या नक्षीचे. सपाट रस्त्याला झकास. घाटात ओझं ओढायला खोल खाचांचे लागतात."

"मग हे अहवालात का नाही लिहिलं?"

"तुम्ही दोष विचारलात. मोडलेलं काहीच नाही, साहेब. ही निवड आहे."

तिसऱ्या गिअरमधली स्कूटर डोळ्यांपुढे आली, आणि खाली उतरून चालू लागलेली बायकोही.

मालकाचं घर शिंगणापूरचं. झडतीला गेलो तर उघडायला दारच नाही. आमच्या खात्याला एवढी सोय कुठेच मिळत नाही. मालकाच्या म्हाताऱ्या आईने ओसरीवरच्या रांजणातून पाणी दिलं. ते प्यालो आणि तांब्या खाली ठेवायला वाकलो, तेव्हा रांजणाखालची अडणी दिसली. जाड, दातेरी, लोखंडी कडं. निरीक्षक माझ्यासोबत आले होते. ते गुडघ्यावर बसले आणि म्हणाले, "हा ओढणारा क्राऊन." ज्याच्यावर घाट चढायचा, त्याच्यावर घरातलं पाणी ठेवलं होतं.

मालकाने काहीच नाकारलं नाही.

"व्हय, काढला. माझीच गाडी, माझाच क्राऊन. चोरी हाय का?"

"घाटात ओढणार नाही, हे माहीत होतं?"

"ड्रायव्हर म्हनला हुता. दोनदा म्हनला."

"मग?"

"साहेब, तुमच्या ठान्याचा रिवाज काय? आधी पोचंल त्याचं टोचन. वढनारी गाडी घिऊन निघालो तर मी पोचस्तवर दुसरा घिऊन जातो. आमी पळायची गाडी केली, तवा तुमीच शाल दिली की."

त्याने भिंतीकडे बोट केलं. रस्ता सुरक्षा सप्ताहातला फोटो होता. तत्पर सेवेबद्दल सत्कार, हार, शाल, नारळ. शालीचं तबक धरून कडेला जो जाडा इसम हसतोय, तो मी.

दोषारोपपत्रात मी दोघांनाही आरोपी केलं. ड्रायव्हरचा जबाब मी स्वतः खटपट करून दंडाधिकाऱ्यांपुढे नोंदवून घेतला होता. गाडी ओढत नाही हे त्याने मालकाला आधी सांगितलं होतं, हे त्यात ठळकपणे आलं. पोलिसांपुढची कबुली न्यायालयात चालत नाही, त्यामुळे मालकाला माहिती होती याचा तोच पुरावा होता. त्या तपासावर मी खूश होतो. घरी दोनदा सांगितलाही.

न्यायालयात मालकाच्या वकिलाने मांडलं की गाडीत दोष नाही, हे सरकारी अहवालच सांगतो. तत्परतेचं कौतुक पोलिसांनीच केलेलं आहे. घाट चढायचा निर्णय घेतला तेव्हा मालक तिथे नव्हता. मालक सुटला. मग ड्रायव्हरची पाळी. गाडी ओढत नाही हे त्याला माहीत होतं आणि तरीही त्याने ती घाटात घातली. पुरावा? त्याचाच जबाब. मीच नोंदवून घेतलेला.

कांदा आधी उतरवू द्या, असंही तो त्या सकाळी म्हणाला होता. माझ्याच शिपायाने त्याला सांगितलं होतं, "रांग बघ मागं, चल लवकर." साक्षीत शिपायाला ते आठवलं नाही.

शिक्षा झाली, लायसन गेलं. न्यायालयाच्या पायऱ्यांवर त्याची बायको मला म्हणाली, "साहेब, तुमी लई खोलात जाऊन खरं शोधलं. आमच्यासाठी शोधलं व्हय?" आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. त्याची शिक्षा संपल्यावरच्या हंगामात ती दोघं कोयते घेऊन उसाला गेली, असं कळलं.

वरिष्ठांना मी लिहिलं, की आधी कोण पोचतो हे न बघता टोचनगाडी किती ओढते हे बघून बोलवावं. पोच मिळाली. रिवाज तसाच राहिला, कारण रांग मोकळी झाल्याचं वरून दिसतं, क्राऊन दिसत नाही. खरं शोधून काढलं की आपलं काम संपलं, असं मी नोकरीभर मानत आलो होतो. ते खरं पुढे कोणाच्या हातात जाणार आणि कोणाच्या मानेवर पडणार, हे मी त्या प्रकरणाआधी कधी बघितलंच नव्हतं.

निवृत्तीनंतर एकदा त्याच घाटात आमची कार गरम होऊन बंद पडली. ठाण्याला फोन केला. मी बॉनेटची खिट्टी चाचपतो आहे तोवर टोचनगाडी हजर. पायथ्याचाच तो, पोटदुखीवाला. त्याने मला ओळखून सलाम ठोकला. "बगा साहेब, फोन ठिवायच्या आत आलो. बसा गाडीतच, वर नेऊन सोडतो."

मी वाकून त्याच्या मागच्या टायरकडे बघितलं. सरळ रेघांची नक्षी होती.

"काय शोधताय?" सौ.ने विचारलं.

"काही नाही. उतर."

तिने पिशवी घेतली आणि चालू लागली. कारची पुढची चाकं त्याने उचलून टांगली, आत माणूस लागणार नव्हता; मी मागोमाग निघालो. कार वर येईपर्यंत आम्ही दोघं कठड्यावर बसून राहिलो.