आधी आवस दाखव

कुत्रा कसा निवडावा हे सांगणारे पुष्कळ भेटतात. कान बघा, नखं बघा, शेपटीचा पीळ बघा. मी ऐकून घेतो आणि सोडून देतो. पिल्लात काय बघणार? टोपलीतलं कुठलंही पिल्लू हातात घेतलं की बरंच वाटतं. मी पिल्लू देणारा माणूस बघतो. ह्यावरून माझ्याशी वाद घालणारे आले नि गेले, मी आहे तिथेच आहे. चौथीच्या पुढे मी शाळेत गेलो नाही, तेव्हा पुस्तकात काय लिहिलंय ते मला विचारू नये. मला कळलं ते कसं कळलं, तेवढं सांगतो.

गोव्यात तेव्हा अजून पोर्तुगीज होते. आमच्या वाट्याला डोंगराच्या उताराची भरड जमीन आली होती. वरच्या अंगाला नाचणी, खाली कणगी, म्हणजे रताळ्यासारखा कंद. दोन वर्षं लागोपाठ रानडुकरांनी कणगी उकरून खाल्ली. सकाळी जाऊन बघावं तर कोणी नांगर धरून गेल्यासारखी जमीन. आमचा जुना कुत्रा पावसाळ्यात वाघाने नेला. बिबट्याला आमच्याकडे वाघच म्हणतात.

थोरला भाऊ, आमचा दादा, मुंबईला गिरणीत होता. शिमग्याला महिन्याच्या रजेवर आला, उतारावर गेला, उकरलेली जमीन बघितली आणि पडवीत बसून म्हणाला, "फुडच्या शिमग्याक येतंय तेव्हा घरात पीक दिसला नाय, तर गप माझ्यावांगडा चल. गिरणीत सांगान ठेवलंय."

"माका मुंबयक जावचा नाय," मी म्हटलं.

"मग हय काय करतलस? डुकरां राखतलस?"

मुंबई वाईट असं मी कधी म्हटलं नाही. पण तिथे भोंगा वाजला की उठायचं. मी आजवर कोणाच्या हाकेने उठलेलो नाही, आईच्यासुद्धा. आणि ती जमीन लोकांनी टाकून दिलेली म्हणून मला ती टाकायची नव्हती. दुसरं कारण नाही, असलं तर मला ठाऊक नाही.

जमीन राखायची तर कुत्रा हवा, हे दादालाही पटलं. पण दादा मुंबईत राहून आमच्याहून जास्त देवभोळा झाला होता. तो देवळात गेला. गुरवाने देवाच्या अंगावर तांदूळ चिकटवले. उजवीकडचा आधी पडला तर देवाचं होय, डावीकडचा पडला तर नाही. आमच्या गावात लग्नापासून विहिरीपर्यंत सगळं ह्या कौलावर ठरायचं. दादाने विचारलं, कुत्रा घ्यावा काय? उजवा पडला.

त्याच आठवड्यात देवगडच्या बाजूचा एक माणूस टोपलीत पिल्लं घेऊन वाडीत आला. डोक्याला तेल, पायात वहाणा. पिल्लं गुबगुबीत, पांढरीतांबडी. म्हणाला, "पाखल्याची जात. गोंयच्या साहेबान वाघ मारलेले ह्यांच्या बापाशीच्या जिवार." पाखले म्हणजे पोर्तुगीज. वाडीतली निम्मी माणसं टोपलीवर वाकली.

मी एक पिल्लू उचललं. पोट ढोलासारखं, आणि बाकीचं अंग काटकुळं. गुबगुबीत दिसत होतं ते जंतांनी. मी विचारलं, "ह्यांची आवस खंय?"

"आवस गोंयात रवली."

"बापूस?"

"तो पन थयच."

"मग ह्यांका दूध कोणी पाजल्यान, तुया?"

माणसं हसली. तो हसला नाही. म्हणाला, "घेवचा तर घे, नायतर सोड. माका फुडे तीन वाडये आसत."

मला एवढं पुरलं. जो आई दाखवत नाही आणि घाई करतो, त्याच्याकडून मी मांजरही घेणार नाही. पण दादा पुढे झाला.

"देवान उजवो दिल्यान. आता तुका आनी काय होया?"

"देवान कुत्रो घे म्हटल्यान. ह्याच्याकडसून घे म्हणान सांगूक नाय."

"चवथी नापास, नि देवाक शिकवता," दादा लोकांकडे बघून म्हणाला. आणि त्याने पिल्लू घेतलं.

देवाला एक प्रश्न विचारायचा आणि त्याच उत्तरावर दहा गोष्टी उरकायच्या, ही आमच्या लोकांची खोडच. तांदूळ उजवीकडे पडला म्हणून टोपलीवाल्याचीही शहानिशा झाली असं सगळ्यांनी धरलं. पिल्लू आठवडाभर जगलं. शेवटी शेवटी पेजही पोटात ठरेना. आईने त्याला चुलीजवळ गोणपाटावर घेतलं होतं, तिथेच गेलं. दादा देवगडच्या बाजूला चौकशीला जाऊन आला. तसल्या माणसाला तिकडे कोणीच ओळखत नव्हतं.

दादा परत येऊन म्हणाला, "झाला तुझा कुत्र्याचा. देवाच्याच मनात दिसता तू मुंबयक येवचा."

मी दुसऱ्याच सकाळी उठून धामापूरच्या वाटेला लागलो.

तळ्याच्या पलीकडे एक म्हातारी पारधीची कुत्री पाळते असं मी ऐकून होतो. नवरा शिकारी होता, तो गेला, कुत्री राहिली. गावात शिरल्यावर पहिल्या घरापासून विचारत गेलो. एकजण म्हणाला, तोंडाने वाईट आहे. दुसरीने सांगितलं, पाणी विचारायची नाही. पाण्याला जाणाऱ्या बायकांनी तर तिच्या सात पिढ्या काढल्या. मी ऐकत गेलो. तिला नावं ठेवणारी सगळी, पण तिच्या कुत्र्यांना नाव ठेवणारं एकही माणूस भेटलं नाही. मी पाय उचलले.

तिच्या अंगणात पाच पिल्लं आईला लुचत होती. चार महिन्यांची घोडी, दिवाळीच्या सुमाराची, तरी लुचत होती. आई काळपट, एक कान फाटका, छातीवर सुळ्याचे वण. मला बघून ती उठली, पिल्लं गळून पडली, आणि ती माझ्या आणि पिल्लांच्या मध्ये उभी राहिली. भुंकली नाही.

"काकी, पिल्लू होया," मी म्हटलं.

"कित्याक?"

"डुकरां येतत कणगीक."

"घरात कोण कोण आसत? कुत्रो नको म्हणणारा कोण आसा? उष्टा घालतलस काय येगळा शिजवतलस? बांधतलस खंय?"

मी चार उत्तरं दिली आणि माझं डोकं फिरलं. एवढी वाट तुडवून आलेला माणूस, आणि पायरीवर बस म्हणायची गोष्ट नाही. म्हटलं, "काकी, चेडू दिल्यासारखा काय इचारतस?"

ती पिल्लांकडे बघत म्हणाली, "चेडवाच्या वेळाक इचारूक नाय. म्हणान आता इचारतंय."

तिच्या मुलीचं काय झालं ते मी विचारलं नाही, पायरीवर बसलो.

मग तिने एक पिल्लू मानेला धरून माझ्यापुढे ठेवलं. आईच्याच रंगाचं. "ह्यो जिगरीचो आसा. पण हट्टी. हाक मारलंस तर येवचो नाय. आवस पाण्याक भिता, ह्यो पन भितलो. व्हाळापलीकडे डुकर गेलो तर तुया आनी डुकर, ह्यो काठार बसतलो." तोवर आपल्या मालाची खोड आपणहून सांगणारा माणूस मी पाहिला नव्हता. आमच्याकडे बैल विकणारा, बैल लंगडत असला तरी, नाचतो म्हणून सांगेल.

मी पिल्लाला हात घातला तर तिने माझा हात बाजूला सारला. "आज नाय. आधी मी तुझा घर बघूक येतलंय."

आणि आली. काठी टेकत, पिल्लू दोरीला धरून, एवढं अंतर चालत. दादा पडवीत होता. तिने त्याच्याकडे बघितलंही नाही. कुत्रा कुठे निजणार ते विचारलं. मी अंगणातला खुंटा दाखवला. तिने मान हलवली. "पडवीत. दार लावन."

"कुत्रो पडवीत," दादा म्हणाला, "आनी आमी खंय? माडार?"

"तू खंय पन नीज. वाघ तुका न्हेवचो नाय, कुत्र्याक न्हेतलो."

आई आत तोंडाला पदर लावून हसली. दादाने मग व्यवहाराची गोष्ट काढली, काय द्यायचं? म्हातारी म्हणाली, पैसा नको. पारधीत कुत्र्याचा वाटा असतो तो सगळ्यांना ठाऊक. ह्या कुत्र्याच्या पहिल्या डुकराचा पुढचा पाय तिचा. आणि पुढच्या शिमग्यापर्यंत तो डुकरापुढे उभा राहिला नाही, तर तिच्याकडे परत आणायचा, रस्त्यावर सोडायचा नाही.

ती गेल्यावर दादा म्हणाला, "फुकटचो म्हणजे बिनकामाचो."

मी म्हटलं, उलट आहे. टोपलीवाल्याची कमाई त्याने पाठ फिरवण्याआधी झाली होती. हिची कमाई अजून ह्या पिल्लाच्या छातीत आहे. ते भेकड निघालं तर हिला काहीच नाही. दादाला हे पटलं की नाही मी विचारलं नाही. रजा संपली, तो गेला.

कुत्रा तिने सांगितला तसाच निघाला. हाकेला येत नसे. व्हाळ दिसला की चार पाय रोवायचा. वाडीतले विचारायचे, "काय रे, साहेब आज पारधीक येतत काय?" मी म्हणायचो, साहेब तुम्हाला विचारून येणार नाहीत.

नाचणी कापून झाली आणि डुकरं कणगीत उतरली. निम्मी खाऊन झाली होती तेव्हा म्हातारी आपण होऊन आली, फाटक्या कानाच्या आईला घेऊन. म्हणाली, आईबरोबर एकदा रान बघू दे त्याला, आणि तिला आमच्याकडे ठेवून गेली. सकाळी शेजाऱ्याने ठासणीची बंदूक घेतली, आम्ही दोघे आणि दोन कुत्री झाडीला लागलो. आई पुढे, हा मागे. कुड्याच्या जाळीतून डुक्कर सरळ खाली आला. आई बाजूला झाली, वयाप्रमाणे. हा झाला नाही. त्याला सुळा लागला, खांद्यापासून पोटापर्यंत कातडी उलगडली, तरी तो डुकराच्या तोंडापुढून हलला नाही. तेवढ्यात शेजाऱ्याची बंदूक वाजली.

पुढचा पाय म्हातारीच्या अंगणात मी स्वतः नेऊन दिला, कुत्र्यालाही उचलून नेलं. तिने पाय खाली ठेवला आणि आधी जखम बघितली. हळद कमी भरलीस म्हणून मला शिव्या दिल्या. मी खाली मान घालून ऐकल्या. कोणाच्या शिव्या मी तशा ऐकलेल्या आठवत नाहीत.

त्यानंतर डुकरं आली नाहीत असं नाही. आली, पण बिचकून आली, आणि उरलेली कणगी घरात आली. शिमग्याला दादा आला. पडवीच्या कोपऱ्यात पेंढ्याखाली ठेवलेली रास त्याने पायाने सारून बघितली. कुत्रा तिथेच पडला होता, त्याने एक डोळा उघडला आणि मिटला.

"अर्धीच आसा," दादा म्हणाला.

"अर्धी डुकरांनी खाल्ली. ही माझी."

"अर्ध्यात काय पोट भरतला?"

"तू गिरणीत पोटभर जेवतस काय, ता सांग."

दादा खानावळीत मोजून मिळेल तेवढंच जेवायचा, हे मला ठाऊक होतं. मी येणार नाही, हे मी पुन्हा सांगितलं नाही. त्यानेही विचारलं नाही. गिरणीतली जागा दुसऱ्या कोणाला तरी दिली, असं आईला सांगितलं.

रजा संपल्यावर मी त्याची ट्रंक घेऊन मालवणच्या बंदरावर गेलो. बोट लांब उभी असायची, होडीतून जावं लागायचं. वाळूवर उभं राहून दादा म्हणाला, "फुडच्या वर्सा बघूया."

मी म्हटलं, "बघूक येव नको. खावक ये."

तो हसला नाही. होडी लागली तेव्हा ट्रंक त्याने स्वतः उचलली नाही, माझ्याकडे बघत उभा राहिला. गुडघाभर पाण्यात शिरून ती मीच चढवली. थोरलेपण त्याने तेवढं राखलं, आणि मी राखू दिलं.