तिसऱ्यांदा विचारल्यावर

पहिल्याच खेपेला ‘हो’ म्हणणं हा माझ्या पांढुर्ण्याच्या मैत्रिणीच्या लेखी गुन्हा होता. तिच्या घराला आग लागली असती आणि बंबवाल्यानं ‘पाणी मारू का?’ असं विचारलं असतं, तर ‘नका, कशाला उगाच त्रास’ असं म्हणून ती त्यानं पुन्हा विचारायची वाट पाहत दारात उभी राहिली असती. आता पाहुण्यानं दोनदा नको म्हणायचं, घरच्यानं तिसऱ्यांदा विचारायचं आणि मग ‘बरं, अर्धाच कप’ म्हणून पूर्ण कप प्यायचा, ही रीत हिंदी राज्यातल्या आमच्या मराठी सौंसर-पांढुर्ण्याकडे सगळेच पाळतात. मीही पाळते. पण ही बाई ती रीत विमानात बसवून पोलंडला घेऊन गेली.

छिंदवाड्याला आम्ही एकाच वर्गात हिंदीचं एम.ए. केलं. तिकडच्या एका विद्यापीठाला हिंदी शिकवायला वर्षभरासाठी दोन सहायक हवे होते, तेव्हा आमच्या सरांनी दोघींना अर्ज करायला लावले. तिला अर्थातच त्यांनी तीनदा सांगितलं. तिचे वडील नगरपालिकेत नळ सोडायचे, घर दोन खोल्यांचं, माणसं सहा. अशा घरातली पोरगी परदेशात मास्तरीण होऊन चालली म्हणून अख्खी गल्ली तिला नागपूरपर्यंत पोचवायला आली होती. माझ्या सौंसरहून फक्त माझे काका आले होते, आणि तेही मराठी घरच्या पोरी गोऱ्यांना हिंदी शिकवणार म्हणून सारखे हसत होते.

तिथल्या स्टेशनवर आम्हाला घ्यायला विभागातला एक उंच मुलगा आला. त्यानं तिची बॅग उचलायला हात पुढे केला. ही म्हणाली, ‘नो, नो, थँक यू.’ त्यानं शांतपणे हात मागे घेतला आणि चालू लागला. ‘याच्या मायनं याले काई शिकवलं नाई का वं?’ असं मला विचारत तिनं ती बॅग चौथ्या माळ्यावरच्या आमच्या शेजारशेजारच्या दोन खोल्यांपर्यंत ओढत नेली, कारण लिफ्टचंही तिला कोणी दुसऱ्यांदा विचारलं नाही. संध्याकाळी घरमालकीण म्हातारी हीटर वाढवू का म्हणून विचारून गेली. ‘नको, ठीक आहे.’ म्हातारीनं हिला थंडीच आवडते असं धरून हीटर होता त्याहून कमी केला. बाहेर बर्फ पडून राहिला होता आणि ही दोन स्वेटर, शाल आणि वरून माझी गोधडी घेऊन कुडकुडत होती. ‘एकडाव अजून इचारलं असतं तर काय बिघडलं असतं बुढीचं?’ गोधडी माझी होती, म्हणून मी सांगून पाहिलं, पहिल्याच खेपेला हो म्हणत जा. पण ऐकतं कोण!

जेवणाच्या आमंत्रणांचं तर विचारूच नका. एकदा आमच्या वर्गातल्या एका विद्यार्थिनीच्या घरी तिच्या आईनं वाफाळत्या बटाट्यांचं भांडं पुढे केलं. हिनं ताटावर हात आडवा धरला. त्या माउलीनं मान डोलावली आणि भांडं थेट आत नेलं. ‘नेलं वं तिनं!’ हिचा आवाज असा निघाला की मला ठसकाच लागला. घरी येऊन तिनं खिचडी टाकली आणि आमच्याकडून आणलेल्या ठेच्यासोबत मुकाट्यानं खाल्ली. उलट तिच्या हातचं जेवण म्हणजे दुसरं टोक. पाटवडीच्या रश्श्यावर तिनं वर्गातल्या पोरांना बोलावलं, तेव्हा ताटात काही टाकू नये एवढंच शिकलेला एक गरीब मुलगा ताट रिकामं करत राहिला आणि ही वाढत राहिली. तो पुढचे दोन तास वर्गात दिसला नाही.

पण शिकवायची फार छान. तिनं वर्गात खोटं खोटं घर मांडलं. एकानं चहा द्यायचा, दुसऱ्यानं दोनदा ‘नहीं, नहीं, रहने दीजिए’ म्हणायचं आणि तिसऱ्यांदा कप घ्यायचा. जो लवकर घेईल त्याला ती परत दाराबाहेर पाठवायची. पोरं हसून हसून लोळायची. सगळा वर्ग आमची रीत शिकला. विभागप्रमुख बाई तेवढ्या त्या वर्गात कधी बसल्या नाहीत.

ते शहर तिला मनापासून आवडलं होतं. सकाळची वंदना झाली की ती खोलीला कुलूप लावायची आणि किल्ली हातात धरून खालपर्यंत उतरायची. ‘एवढ्या वयात पह्यल्यांदा माही खोली हाय वं,’ ती म्हणाली होती. ‘मले अजून एक वर्स पाह्यजे. घरी गेली का लगनाचंच सुरू होते.’ दुसऱ्या वर्षासाठी एकच जागा होती. मी सौंसरला ज्या शाळेत शिकवायची तिथली रजा संपत होती, मला परतायचंच होतं. म्हणजे जागा तिचीच.

एका दुपारी ती नाचतच आली. ‘इचारलं वं! बाईनं मले इचारलं, एक वर्ष और रहेंगी क्या!’

‘मग? काय म्हणालीस?’

‘म्हटलं, नहीं मैडम, रहने दीजिए, आपको तकलीफ होगी.’

मी कपाळावर हात मारून घेतला. आत्ताच्या आत्ता जा आणि हो म्हणून ये, असं मी किती परीनं सांगितलं! तिला ते पटेचना. ‘आपणच जाऊन मांगाचं? लाज नाई का वाटत? इचारतीन न त्या. अजून दोनदा बाकी हाय.’ रोज ती बाईंच्या खोलीवरून मुद्दाम हळूहळू जायची. बाई हसून नमस्ते म्हणायच्या. शेवटी पुढच्या आठवड्यात मीच तिला हाताला धरून आत नेलं. बाईंचा चेहरा पडला. त्यांची हिंदी पुस्तकातली, स्वच्छ. ‘परंतु आपने तो मना किया था.’ जागा दुसऱ्या कुणाला देऊन झाली होती, पत्रही गेलं होतं. मी बाईंना आमची रीत समजावून सांगितली तेव्हा त्यांनी डोक्यालाच हात लावला. तेवढ्यातही माझी मैत्रीण त्यांनाच म्हणत होती, ‘कोई बात नहीं मैडम.’ जिन्यात मात्र ती बसली आणि रडली. मला फार वाईट वाटलं. अजूनही वाटतं.

परत आल्यावर ती पांढुर्ण्याच्याच एका खासगी शाळेत लागली. लग्न तिनं केलं नाही, कारण त्याच वर्षी आई गेली आणि पाठोपाठ वडिलांना लकवा मारला. भाऊ पुण्याला. मागच्या दिवाळीत मी तिच्याकडे गेले होते, तेव्हा तिच्या फोनवर इतक्या वर्षांनी पोलंडच्या त्या विभागप्रमुख बाई दिसल्या. केस सगळे पांढरे झालेले. सहायकाची जागा पुन्हा निघाली होती. ‘आप आएँगी?’ त्यांनी विचारलं.

‘नहीं मैडम.’

बाई हसल्या, खुर्चीत नीट बसल्या. ‘मैं दूसरी बार पूछ रही हूँ.’

‘नहीं मैडम.’

त्यांनी तिसऱ्यांदा विचारलं. आतल्या खोलीत तिच्या वडिलांचा खोकला चालला होता. तिनं तिकडे पाहिलं आणि तिसऱ्यांदाही नाही म्हटलं. बाईंना ते खरं वाटेना. त्यांनी चौथ्यांदा विचारलं, मग पाचव्यांदा. शेवटी तिलाच त्यांना समजावावं लागलं, की मैडम, आता खरंच नाही.

फोन ठेवून पदरानं डोळे पुसत ती म्हणाली, ‘किती आग्रह केला वं बाईनं!’ आणि वडिलांना भरवायला आत गेली.