गुण देण्यापूर्वी गडहिंग्लजकडे

कोल्हापूरच्या स्टँडवर गडहिंग्लजची एसटी लागली आणि मी मिसळ अर्धी टाकून धावलो. गाडी सुटायला बराच वेळ होता. पण हल्ली माझं असंच चाललं होतं. बसलं की उठावंसं वाटे.

लोकशाही आणि मानवी हक्कांत जगातले देश कितवे, हे ठरवणाऱ्या एका परदेशी संस्थेसाठी मी पुण्यात बसून आपल्या देशाला गुण देतो. आम्हा सगळ्यांचे गुण मिळून क्रमांक ठरतो. यंदा एका प्रश्नाशी अडलो: सामान्य माणूस सत्तेतल्या माणसाविरुद्ध उघड बोलू शकतो का? आजवर बातम्या वाचून उत्तर दिलं होतं. या वेळी हात चालेना. ऑफिसातली प्रज्ञा म्हणाली, "गडहिंग्लजजवळ आमच्या गावात ग्रामसभा आहे. आई बोलणार आहे. जाऊन बघा."

कागलच्या पुढे, दोन्हीकडे ऊस आणि मध्ये आम्ही, अशा जागी गाडी पंक्चर झाली. शेजारच्या फेटेवाल्या आजोबांनी विचारलं, "पावणं, कुठनं आलासा? काम काय करता?"

सांगितलं.

"मग आपला नंबर कितवा?"

"फार वर नाही."

"मास्तर कडक दिसतोय," ते हसले. "आनि मास्तरला मार्क कोन देतंय?"

मी उगाच रस्त्यावर येरझाऱ्या घालत राहिलो.

प्रज्ञाची आई, ताराबाई, फाट्यावर उभ्या होत्या. बौद्धवस्तीत घर, दारात दोन म्हशी. भाकरी, दही आणि खर्डा (मिरचीचा ठेचा) वाढता वाढता त्यांनी हकीकत सांगितली. वस्तीसाठी मंजूर झालेली पाण्याची लाइन सरपंचबाईंच्या नवऱ्याच्या मळ्याकडे वळली होती.

सभेत सरपंचबाई मागे बसल्या होत्या. तरुण, मान खाली. माइक नवऱ्याच्या हातात. ताराबाई पुढे जाऊन बोलू लागताच त्याने बटण दाबलं. "लाइट गेलीया. बसा खाली."

डोक्यावर पंखा फिरत होता.

"माइक बंद केलासा, माझं नरडं न्हाय!" ताराबाई ओरडल्या. "वस्तीचं पानी तुमच्या मळ्यात कसं गेलं, तेवढं सांगा की!"

कुणी हललं नाही. तेवढ्यात मागून आवाज आला, "माइक लावा."

सरपंचबाई उभ्या होत्या. नवरा वळून बघत राहिला.

"लावा म्हंते न्हवं."

त्यांनी ठराव मांडला, लाइन वस्तीकडे न्यायची. आधी बायकांचे हात वर झाले, मग पुरुषांचे.

संध्याकाळी ताराबाईंबरोबर दूध घालायला डेअरीत गेलो. मापाडी वर न बघता म्हणाला, "काकू, आजपासनं तुमचं दूध घ्यायचं न्हाय."

"कोन म्हनलं?"

त्याने मागच्याची किटली पुढे ओढली.

भरलेली किटली घेऊन आम्ही परत आलो. मी तावातावाने म्हणालो, "तक्रार करू!"

"करू की. पैलं म्हशीस्नी वैरन घालू दे." त्यांनी पेंढी सोडली. "भ्या वाटतंय, पावणं. न्हाय कसं म्हनू?"

सकाळी मी निघत असताना सरपंचबाई स्वतः दारात आल्या, हातात आपली किटली. "काकू, ह्यात वता तुमचं दूध. माझ्या नावावर घालते."

मी विचारलं, "घरी काय म्हणतील?"

"तुमची गाडी चुकंल," एवढंच त्या म्हणाल्या.

पुण्यात पोचून त्या प्रश्नापुढे मी मधले गुण लिहिले. गेल्या वर्षीही तेच दिले होते. तेव्हा मला वाटे, मधले गुण म्हणजे थोडं बोलणं आणि थोडी भीती. ताराबाईंच्या गावात थोडं असं काहीच नव्हतं. आवाज पुरा होता, भीतीही पुरी होती, आणि दोन्ही एकाच बाईच्या अंगात. असल्या माणसाचे गुण कसे लावायचे, ते मला अजून कळलेलं नाही. आकडा पाठवून टाकला आणि खुर्चीत बसवेना म्हणून प्रज्ञाच्या टेबलाशी गेलो.

"आईंच्या नावावर दूध घेतात का?"

"अजून नाही," ती म्हणाली. "पण वस्तीकडे लाइनीसाठी चर खणायला घेतलाय. आई सकाळपासून तिथंच उभी आहे. फोनवर घरी जा म्हटलं तर हलत नाही."