बंदोबस्तातली मैत्रीण

ती आमच्या दैनिकाच्या छापखान्यात आली तेव्हा वाचायला होती आणि मी तपासायला. प्रूफ तपासायला दोन माणसं लागतात. एकाने मूळ कागद स्वल्पविराम-पूर्णविरामांसकट मोठ्याने वाचायचा, दुसऱ्याने शाई न वाळलेल्या प्रूफवर चुका काढायच्या. वाचणारा शिकाऊ समजला जाई. वर्षभरात आमच्या खुर्च्या बदलल्या. वाचता वाचता ती मध्येच थांबायची, टेबलावरून माझ्याकडे वाकायची आणि माझ्याच प्रूफवर बोट ठेवून म्हणायची, "हे राहिलं गं." असं चार-पाच वेळा फोरमनच्या देखत झालं. एक दिवस तो हसत म्हणाला, "बाई, तुम्ही वाचा. तुमचा आवाज चांगला आहे."

मी वाचू लागले. आवाज खरंच चांगला होता माझा. पण त्या दिवसापासून माझ्या मनात जे बसलं ते नऊ वर्षं उठलं नाही.

ती मूळची पूर्णगडची. वडील जहाजावर, दोन धाकट्या बहिणी गावी, आणि ती शिक्षणासाठी म्हणून राजिवड्याला खालाकडे, म्हणजे मावशीकडे, आली ती तिथेच राहिली. माझे वडील, आप्पा, शाळेत मराठी शिकवून निवृत्त झालेले. ऱ्हस्व-दीर्घ आमच्या घरात जेवणाच्या पानावर वाढलं जायचं. राजिवड्याहून डोक्यावरची ओढणी सावरत येणाऱ्या मुलीने माझ्या चुका काढाव्यात, हे मला झेपत नव्हतं. हे आज लिहायला नको वाटतं, पण खरं तेच आहे. आम्ही मैत्रिणी होतो. डबा एकत्र खायचो, ईदेला तिच्याकडे आणि चतुर्थीला आमच्याकडे जाणं-येणं होतं. तिने केलेलं खाडीतल्या तिसऱ्यांचं कालवण मी दोनदा मागून घेतलं आहे. आणि तरीही फोरमनने तिला "शाब्बास" म्हटलं की माझा घास फिरायचा.

माझी नोकरी कायम होती, कारण मालक आप्पांचे विद्यार्थी. तिची नऊ वर्षं हंगामीच. अशी आणखी सात-आठ माणसं होती. ऐंशीनंतरच्या त्या वर्षांत आमच्याकडेही युनियन झाली. मशीनवरचा एक उंच, तापट माणूस सेक्रेटरी झाला. हंगामींना कायम करा, ही पहिली मागणी. बोलणी फिसकटली आणि नारळी पौर्णिमा झाल्यावर आम्ही सगळे संपावर बाहेर पडलो. ती आणि मी एका छत्रीत उभ्या राहून घोषणा देत होतो.

आठवडाभर अंक निघाला नाही. मग मालक कोर्टात गेले. फाटकात अडवाअडवी होते, म्हणून दिवाणी कोर्टाने तात्पुरता मनाई हुकूम दिला. संपवाल्यांनी फाटकापासून शंभर फूट लांब राहायचं, कामावर जाणाऱ्याला अडवायचं नाही, आणि जाणाऱ्याला पोलिसांनी संरक्षण द्यायचं. बेलिफ आला, टेपने अंतर मोजलं आणि खेळाच्या मैदानावर मारतात तशी फक्कीची पांढरी रेघ रस्त्यावर मारून गेला. पाऊस रोज ती रेघ धुऊन टाकायचा आणि एक हवालदार रोज दुपारी डबा घेऊन ती परत ओढायचा. आमचा मांडव रेघेच्या अलीकडे आला.

त्याच संध्याकाळी ती आमच्या घरी आली. ओले पाय पुसून पडवीत बसली आणि पिशवीतून एक लिफाफा काढून माझ्या हातात दिला. मालकांचं पत्र होतं. कामावर आलात तर पोलीस घरापासून फाटकापर्यंत सोबत देतील, कायमचा हुकूम मिळेल, आणि हुद्दा प्रमुख मुद्रितशोधक असा राहील.

"काय करू?" ती म्हणाली. "तू सांगशील तसं करते."

मी ते पत्र तीन वेळा वाचलं. कायमच्या हुकमाचं मला काही वाटलं नाही, तो तिला मिळायलाच हवा होता. माझी नजर 'प्रमुख' या शब्दावर अडकली होती. मला पत्र आलं नव्हतं. मी गेले नसते, तोंडावर फेकून आले असते. पण मला ते आलंच नव्हतं! सतरा वर्षं मी तिथे होते आणि मला बोलवावं असं कुणाला सुचलंसुद्धा नव्हतं.

"थांब आणखी पंधरा दिवस, सगळ्यांबरोबर तुझंही होईल," एवढं मी म्हटलं असतं तर ती थांबली असती. याची मला तेव्हाही खात्री होती.

मी म्हणाले, "जा की. तुला कुणी अडवलंय?"

तिने पत्र घडी करून पिशवीत ठेवलं आणि चहा न घेताच गेली.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती आली. पुढे एक हवालदार, शेजारी पोलीस ठाण्यातली एक महिला शिपाई, मध्ये ती. मांडवात एकच ओरडा झाला. "जिच्यासाठी बसलो तीच आत!" सेक्रेटरी बाकावर चढून ओरडत होता. मीही ओरडले. पण खरं सांगते, ओरडताना मी बघत होते ते तिच्या पुढे आणि शेजारी चालणाऱ्या त्या खाकी गणवेशांकडे. रस्त्यावरचे दुकानदार काम थांबवून बघत होते. आयुष्यात कुणी माझ्यासाठी असा रस्ता मोकळा केला नव्हता.

तिच्यासारख्या आत गेलेल्या पाच-सहा जणांनी दोन पानी अंक काढायला सुरुवात केली. पहिलाच अंक मी घरी नेला आणि लाल पेन्सिल घेऊन बसले. चुकाच चुका. वाचणारं कुणी नसताना ती एकटी तपासत होती. 'शिक्षक दीन उत्साहात साजरा' हा मथळा सापडला तेव्हा तर मी मोठ्याने हसले. हा दिवस की हे बिचारे दीन शिक्षक! तो लालेलाल अंक मी सेक्रेटरीला दिला. त्याने तो मांडवाच्या दर्शनी फळीला खिळ्यांनी ठोकला. "बघा, आमच्याशिवाय काय छापतात!" येणारे-जाणारे थांबून हसू लागले. मग तो माझा रोजचा उद्योग झाला. आज संपातलं माझं काम काय, असं कुणी विचारलं तर तेच. घोषणांपेक्षा मला त्यात जास्त सुख होतं.

ती जाता-येता फळीपाशी थांबायची. हवालदार "चला बाई" म्हणायचा, तरी एक मिनिट थांबून नीट वाचायची. मला वाटायचं, जळत असेल. दहा-बारा दिवसांनी माझ्या लक्षात आलं की लाल खुणा कमी होताहेत. एकदा दाखवलेली चूक परत येत नव्हती. आप्पा चष्मा कपाळावर सरकवून म्हणाले, "संप असून अंक सुधारतोय. पोरीला जाण आहे." मी ताट अर्धवट टाकून उठले. म्हणजे मी इकडे मांडवात बसून तिचंच प्रूफ तपासत होते, आणि ती वाचून घेत होती. वर नाव तिचं!

गणपतीची सुटी संपली त्यानंतरची दुपार. उघडीप होती. आदल्या दिवशीच्या अंकात मला जेमतेम एक चूक मिळाली होती, तीही जाहिरातीत. ती फळीपाशी थांबली, तळाच्या एका बातमीवर बोट ठेवलं आणि पहिल्यांदाच माझ्याशी बोलली.

"ह्यात एक राहिलंय गं. पुर्णगड छापलंय. पू दीर्घ हवा. माझं गाव, आणि माझ्याकडूनच राहिलं." मग किंचित हसली. "तुझ्याकडूनही राहिलं."

आज मला कळतं की ती आमचं जुनं बोलणं परत सुरू करायला बघत होती. तेव्हा मला फक्त 'तुझ्याकडूनही' ऐकू आलं. सगळ्यांसमोर. ती वळली, रेघ ओलांडून फाटकाकडे चालू लागली आणि मी तिच्या मागे धावले. ओली फक्की माझ्या चपलेला लागली. मी तिच्या खांद्यावरची पिशवी मागून धरली आणि जीव खाऊन ओढली. पट्टा तुटला. डबा रस्त्यावर आपटून उघडला, भात चिखलात गेला, ती गुडघ्यावर पडली. महिला शिपायाने माझा दंड धरला. "काय करताव बाई? शिकलेल्या ना तुम्ही?"

मांडवात मात्र टाळ्या पडल्या. सेक्रेटरी म्हणाला, "वाघीण हाय आमची!" त्या संध्याकाळी मी वाघीण म्हणून घरी गेले.

मालकांच्या वकिलाला हवं होतं ते मिळालं. हुकमाचा भंग झाला, युनियनने माणसं पाठवून हल्ला करवला, सेक्रेटरीला तुरुंगात टाका आणि मांडव उठवा, असा अर्ज झाला. आमचे वकील चिंतेत होते. "हे सिद्ध झालं तर संप संपला," म्हणाले. तारखेला आम्ही सगळे जयस्तंभाजवळच्या कोर्टात जाऊन बसलो. साक्षीला तिला बोलावलं होतं. गुडघ्याला पट्टी असावी, पायऱ्या जपून चढली.

"तुमची पिशवी कुणी ओढली?" मालकांच्या वकिलाने विचारलं.

तिने माझ्याकडे पाहिलं. "माझ्या जोडीदारणीने. ती काय, तिथे बसली आहे."

"युनियनच्या चिथावणीवरून?"

"नाही."

"तुम्हाला काय माहीत?"

"नऊ वर्षं एका टेबलावर बसतो आम्ही. ते भांडण संपाच्या आधीचं आहे."

वकील गोंधळले. हा प्रश्न त्यांनी विचारायला नको होता, पण तोंडून गेला. "कसलं भांडण?"

ती हळू आवाजात म्हणाली, "खुर्चीचं."

मागच्या बाकावर कुणीतरी फिस्सकन हसलं. न्यायाधीशांनी लेखणी खाली ठेवली. "म्हणजे संप नसता तरी हे झालं असतं, असं तुमचं म्हणणं?"

"कधीतरी झालंच असतं, साहेब."

मी मान खाली घातली. माझ्या दोन्ही बाजूंची माणसं अंग चोरून बसल्याचं मला जाणवलं. अर्ज फेटाळला गेला. मला न्यायाधीशांनी उभं करून समज दिली, पुन्हा रेघ ओलांडलीत तर आत जाल म्हणून. पोलीस बंदोबस्त चालू ठेवला. आणि दोन्ही वकिलांना म्हणाले, "इथे पिशव्यांचे पट्टे मोजत बसण्यापेक्षा सरकारी कामगार अधिकाऱ्यांसमोर का बसत नाही तुम्ही?"

बाहेर व्हरांड्यात मी तिला गाठलं. माझा आवाज चढला होता. "सगळ्यांसमोर माझी लाज काढलीस. गर्दी होती, दिसलं नाही, असं म्हणता आलं नसतं?"

"आलं असतं," ती म्हणाली. "मग वकील म्हणाला असता, गर्दी युनियनची. सेक्रेटरी आत गेला असता. त्याच्या घरी तान्हं मूल आहे." ती पायरीवर थांबली. "आणि खोटं काय बोलले मी?"

महिला शिपाई तिच्यासाठी थांबली होती. दोघी जिना उतरून गेल्या. मला तिच्याकडून शिवी हवी होती. मारही चालला असता. पण ती पुन्हा माझ्यापेक्षा चांगली ठरली होती, आणि त्या क्षणीसुद्धा मला पश्चात्तापाच्या आधी आला तो मत्सर. तिला हे असं वागायला कसं जमतं? मला का नाही?

पुढच्या पंधरवड्यात तडजोड झाली. हंगामींना टप्प्याटप्प्याने कायम करायचं ठरलं. पहिल्या यादीत तीही होती, इतरांसारखाच साधा हुकूम. तिच्या साक्षीने चिडलेल्या मालकांनी 'प्रमुख' हा शब्द परत घेतला. आत गेली नसती तरी तिला हेच मिळालं असतं. मी पडवीत दोन वाक्यं बोलले असते तर.

कामावर परतल्यावर तिच्याशी कुणी बोलेना, कारण ती फुटली होती. माझ्याशीही कुणी बोलेना, कारण वाघीण खोटी निघाली होती. तेव्हा आम्ही दोघी एकमेकींसमोर बसून डबे उघडायचो. पहिले काही दिवस नुसतं खाल्लं. मग एके दिवशी मी म्हटलं, "त्या पत्राच्या वेळी मी तुला मुद्दाम जा म्हटलं होतं."

"माहीत आहे," ती म्हणाली आणि भाकरीचा अर्धा तुकडा माझ्या डब्याच्या झाकणात ठेवला. "पण गेले मी. माझे पाय होते ना."

दीड वर्षाने तिला खाडीपलीकडच्या एका हायस्कूलात मराठी शिकवायची नोकरी लागली. त्या काळात मधल्या रागाची धार सगळ्यांचीच गेली होती. ती निघाली त्या दुपारी एसटी स्टँडवर निम्मा छापखाना आला. आप्पा काठी टेकत आले. सेक्रेटरीने तिची ट्रंक खांद्यावर घेऊन गाडीच्या टपावर चढवली, दोरी आवळली. महिला शिपाई ड्यूटी संपवून आली आणि तिच्या हातात केळी देऊन गेली. मी एका बाजूला उभी राहून माणसं मोजत होते आणि मनात म्हणत होते, मी जाईन तेव्हा एवढे येतील का?

गाडी सुटताना तिने खिडकीतून माझा हात धरला. मी काहीतरी बोलले, काय ते आता आठवत नाही. तिच्या जाण्याचं दुःख मला त्या दिवशी झालंच नाही. ते दोन दिवसांनी झालं, भर दुपारी, एका बातमीच्या मध्यावर, तेव्हा मला समोर वाचणाऱ्या नव्या मुलीला थांबवून बाहेर जावं लागलं.