कंबरेचं लोखंड

माझी नात विमानानं आली तवा सांगत व्हती, पट्टा काढला, चप्पल काढली, पाण्याची बाटली टाकून दिली. मी विचारलं, कोणी काय बोललं न्हाय? म्हणाली, "आजी, कोण बोलणार? विमान सुटतं ना." आमचं विमान न्हाय, आमचा भोंगा व्हता.

दंगल होऊन गेली त्याच्यानंतर भिवंडीत आमच्या कारखान्याच्या दारात झडती सुरू झाली. बाप्ये लूमवर, आमी बाया कांडीवर. कांडी म्हणजे लाकडाची लांबट नळी, तिच्यावर सूत भरायचं, मंग ती धोट्यात बसवतात नि कापड विणतात. दंगलीत आमच्या गल्लीच्या तोंडाशी एका माणसाला चाकूनं मारलं. मी बघितलं हाय. पोट धरून गटाराच्या कडेला बसला नि बसल्या बसल्या गेला. म्हणून शेठनं सांगितलं, हत्यार घेऊन कोणी आत यायचं न्हाय, तवा सगळ्यांना बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, मलाही वाटलं.

सकाळी भोंग्याच्या आधी लाईन लावायची. भोंगा झाला की दार बंद, रोज बुडाला. बायांना तपासायला एक बाई ठेवली, ती आधी आमच्यासंगं कांडीवरच व्हती. हात वर करायचे. अंबाडा सोडायचा. ओचा झटकायचा. चोळीत तिचा हात. डब्यातली भाकरी उलटी करून दाखवायची. पाळी असली तर चिंधीसुद्धा.

नि आत गेलं की मुकादम प्रत्येकीच्या हातात कात्री द्यायचा, गाठी कापायला. वीतभर कात्री, चांगली धारेची. एकदा एक म्हातारी बोलली, "बाहेर केसात शोधतात नि आत हातात देतात." आमी हसलो. पुढं त्याचं कोणी काय केलं न्हाय.

एक लूमवाला बायांच्या देखत लेंगा उतरवायला नको म्हणाला. वॉचमननं काठीनं त्याचं नाक फोडलं, खाली पडला तरी मारतच व्हता. दारात रक्त सांडलं. लाईन थांबली न्हाय. आमी लुगडी वर धरून रक्त चुकवून आत गेलो. मला आठवतं, मी पायाकडं बघत व्हते, भरला का म्हणून.

माझी धाकटी जाऊ माझ्यासंगंच कामाला. तिची दोन पोरं पोटातच गेलेली. तिसऱ्या खेपेला सातवा लागला तवा सासू आमच्या गावाहून, दिघाशीहून, मोडक्या विळ्याचं टोक घेऊन आली. बोटभर लोखंड. काळ्या फडक्यात गुंडाळलं नि काळ्या दोऱ्यानं जावेच्या कंबरेला बांधलं. आमच्यात पोटुशी बाईजवळ लोखंड ठेवतात, वाईट जवळ येत न्हाय. सासू म्हणाली, "बाळंत होईस्तो सुटता कामा नये."

झडतीवाली बाई रोज त्या फडक्यावरनं हात फिरवायची नि सोडून द्यायची. तिलाही तीन पोरं व्हती. काय हाय ते तिला ठावं व्हतं.

मंग एका सकाळी शेठ वॉचमनवर ओरडला, बायांची झडती नीट होत न्हाय म्हणून. त्या दिवशी वॉचमन बायांच्या लाईनीपाशी येऊन उभा राहिला. जावेचा नंबर आला. बाईचा हात कंबरेवर गेला नि थांबला.

"क्या है उधर?" वॉचमननं विचारलं.

बाईनं एकदा जावेकडं बघितलं, एकदा त्याच्या काठीकडं. म्हणाली, "हत्यार हाय."

"हत्यार न्हाय दादा," जाऊ म्हणाली. "लोखंड हाय. पोटाचं हाय."

"हत्यार क्या लकडी का होता है? निकाल."

"बाळंत होईस्तो सुटत न्हाय."

मागनं बाया बोलायला लागल्या. "अगं दे ना काढून, भोंगा होईल." "हिच्यापायी आमी बाहेर राहायचं काय?" "राणीच्या कंबरेला हातबी लावायचा न्हाय."

मी तिच्या मागंच उभी व्हते. मी तिच्या कंबरेत हात घातला. तिनं माझं मनगट धरलं. "जाऊबाई, तुमी नको."

मी म्हटलं, "आत गेल्यावर परत बांधू." गाठ सुटेना. मी वाकले नि दातानं दोरा तोडला.

वॉचमननं फडकं उलगडलं, टोक चमकलं. जाऊ ते घ्यायला पुढं झाली. आई लेकराला घ्यायला हात करते तसे तिनं हात केले. त्याला वाटलं असंल, हत्यारावर आली. पहिली काठी मनगटावर बसली, दुसरी पाठीत. ती दारातल्या दगडी पायरीवर पोटावर पडली. पडल्यावर त्यानं बुटानं मारलं. किती वेळा ते मी मोजलं न्हाय. आवाज ऐकला, ओल्या कापडावर धोपटणं मारावं तसा.

तेवढ्यात भोंगा झाला. लाईन तिच्या दोन्ही अंगांनी आत गेली.

मी तिला टांग्यात घालून दवाखान्यात नेलं. तिसऱ्या दिवशी मुलगा झाला, मेलेला. त्याची पाठ काळी पडलेली व्हती.

सासूनं तिची कंबर चाचपली. काठीचं तिला सांगितलं व्हतं, पण तिनं विचारलं ते लोखंडाचंच. "कोणी सोडलं?"

मी खाटंपाशीच व्हते.

जाऊ म्हणाली, "तुटलं."

महिन्यानं ती परत कामाला आली. लाईनीत माझ्या पुढं उभी राहिली. तिचा नंबर यायच्या आधीच तिनं हात वर केले, अंबाडा सोडला, ओचा झटकला. झडतीवालीचा हात कंबरेपाशी येऊन थांबला.

"बघून घे," जाऊ म्हणाली. "काय न्हाय आता."

आत मुकादमानं तिला कात्री दिली. तिनं अंगठ्यानं धार बघितली. दारातून वॉचमनची पाठ दिसत व्हती, चार पावलांवर. तिनं बराच वेळ तिकडं बघितलं. मी तिच्या हाताकडं बघत व्हते, पण धरला न्हाय. या वेळी मी हात घालणार नव्हते.

मंग ती खाली बसली नि सुताची गाठ कापली.