आधी बोट, मग भरीत

कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजल्याचा वास आला की मला आमची जळगावची गल्ली आठवते. महापालिकेची निवडणूक आली की उमेदवारांच्या भरीत-पुरीच्या पंगती उठायच्या, पण आई आम्हाला एकाही पंगतीला जाऊ द्यायची नाही. "ज्याचं खाल्लं त्याले मंग नाही कसं म्हनावं?" म्हणायची. गटार तुंबली तेव्हा कोण आलं होतं, एवढंच ती बघायची. मतदानाच्या दिवशी मात्र ती स्वतः जवळच्या असोद्याची वांगी भाजून सगळ्या गल्लीला जेवू घालायची. अट एकच, बोटावर शाई हवी. एका वर्षी शेजारचे नाना, त्यांची बायको अक्का गेल्यापासून, घराबाहेरच पडत नव्हते. मी त्यांच्यासाठी ताट घेऊन निघाले तर आईनं मला अडवलं आणि कुंपणावरून हाक मारली, "नाना, आधी बोट दाखवा!" आतून नाना म्हणाले, "कोनाले देऊ माय? सगळे सारखेच." आई म्हणाली, "त्यातला बरा पहा. अक्का असत्या तर कव्हाच्या रांगेत लागल्या असत्या." मग कडी वाजली आणि नाना धुतलेली टोपी घालून शाळेकडे निघाले. परतले ते बोट पुढे धरूनच, आणि भरीत दोनदा मागून घेतलं. आई गेल्यावरची ही पहिलीच निवडणूक. यंदा मत देऊन आले, आईच्या घराचं कुलूप उघडलं, आणि आत कुणी नाही हे ठाऊक असूनही स्वयंपाकघराच्या दारात थांबून बोट पुढे केलं.